बंगालचा उपसागर, इंदिरानगर

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये समुद्र आणायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. इंदिरानगरात आता कुणी मला रस्त्यात थांबवून "काय खैरनार, भरती की ओहोटी?" असं विचारतं, तेव्हा मला हा खुलासा करावासा वाटतो. पण विचारणारा तोवर भाजीवाल्याकडे वळलेला असतो.

मी फक्त एक व्याख्यान देणार होतो. आमची मुलगी स्नेहल पुण्याला नोकरी करते. तिथेच तिच्या कंपनीतल्या श्रीचरण नावाच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं. मुलगा विशाखापट्टणमचा. लग्नानंतर दोघं तिकडेच राहायला जाणार होती. दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्याचे आईवडील आमच्याकडे येणार असं कळलं आणि माझ्या लक्षात आलं की ज्या गावी आपली मुलगी जाणार, त्या गावाबद्दल आपल्याला ते पूर्वेकडे कुठेतरी आहे यापलीकडे काहीच माहीत नाही. खरं तर पूर्वेकडे आहे हेही मला त्या वेळी नीट माहीत नव्हतं. ते पुढे येईलच.

त्याच रविवारी आमच्या सोसायटीचं 'ज्ञानसत्र' होतं. हे सत्र वत्सलाबाई चालवतात. त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत आणि निवृत्तीचा त्यांच्यावर काहीही परिणाम झालेला नाही. आदल्या सत्रात 'गुडघ्यांचे व्यायाम' झाले होते. पुढच्या सत्राला वक्ता मिळत नव्हता. मी जिन्यात त्यांना सहज म्हणालो, "मी विशाखापट्टणमवर थोडं बोलीन म्हणतो. पाहुणेही येणार आहेत, त्यांना बरं वाटेल."

"थोडं म्हणजे काय, खैरनार साहेब?" वत्सलाबाई म्हणाल्या. "शहरावर बोलायचं तर नीट बोला. इतिहास, भूगोल, शासन आणि अर्थकारण. चारी अंगं आली पाहिजेत. आणि काहीतरी दाखवा. नुसतं बोलणाऱ्या माणसासमोर आपली मंडळी झोपतात."

मी एसटीच्या विभागीय कार्यालयात वेळापत्रकं बनवण्यात उभी हयात घालवली. नुसता कागद दाखवूनही माणसं झोपतात, हे मला अनुभवाने माहीत आहे. म्हणून मी म्हणालो, "शहराची एक छोटीशी प्रतिकृती करतो. पुठ्ठ्याची."

ती पुठ्ठ्याचीच राहिली असती. पण संध्याकाळी गेटपाशी सुनील भेटला. सुनील आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. त्याच्या द्राक्षबागा निफाडला आहेत. आठवड्यातले काही दिवस तो तिकडे द्राक्षांना सल्ला देतो आणि उरलेले दिवस इकडे आम्हाला.

"पुठ्ठ्याचा समुद्र?" तो म्हणाला. "काका, पाहुणे बंदरावरचे हायेत. त्यांना निळा कागद दाखवणार? आपण खरं पाणी भरू. माझ्याकडं शेततळ्याचा प्लास्टिक कागद पडून हाय. समुद्र म्हंजी काय, लय मोठं शेततळंच."

घरी आल्यावर मी संध्याला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना हे सांगितलं. ती मेथी निवडत होती. "अहो, पाहुण्यांना जेवायला काय करायचं हे अजून ठरलेलं नाही," ती म्हणाली, "आणि तुम्ही समुद्र आणताय." पण तिने नको असं म्हटलं नाही. लग्न ठरल्यापासून ती एकूणच कमी बोलत होती. मीही त्याबद्दल विचारत नव्हतो. आमच्याकडे अशा गोष्टी विचारत नाहीत. त्याऐवजी आम्ही काहीतरी कामाला लागतो. ती फराळाचे डबे भरायला लागली होती आणि मी समुद्र भरायला.

पार्किंग सोसायटीचं, त्यामुळे सेक्रेटरींची परवानगी लागणार. आमचे सेक्रेटरी पुंजाराम गांगुर्डे तहसील कचेरीतून निवृत्त झाले आहेत. कोणतंही काम अर्जाशिवाय झालं तर त्यांना त्या कामाची काळजी वाटते. मी अर्ज नेला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला.

"विषयात तुम्ही 'प्रतिकृती ठेवणेबाबत' लिहिलंय. पाणी किती?"

"वीतभर खोल."

"मग 'तात्पुरता समुद्र ठेवणेबाबत' असं लिहा. उद्या कुणी पाय घसरून पडलं तर मी काय उत्तर देऊ? प्रतिकृतीत पडला?"

मी नवा अर्ज लिहिला. मग त्यांनी सोसायटीची नियमावली काढली. तीत कुत्रे, कुंड्या, मसाला कांडणे आणि गच्चीत पापड वाळवणे यांची कलमं होती. समुद्राचं नव्हतं. बऱ्याच विचारानंतर त्यांनी तो 'कुंड्या व तत्सम' मध्ये बसवला आणि दोन अटी घातल्या. समुद्राला सोसायटीच्या टाकीतलं पाणी वापरायचं नाही आणि त्यांच्या स्कूटरला हात लावायचा नाही.

सुनीलने पिकअपमधून निफाडच्या विहिरीचं पाणी आणलं. गेटच्या बाजूला विटांची चौकट करून आम्ही कागद अंथरला आणि पाणी ओतलं. शेजारी प्लायवूड टाकून त्यावर जमीन केली. समुद्र आधी आणि शहर नंतर, हा क्रम सुनीलचा. पाणी स्थिर झालं तेव्हा आम्ही दोघं कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत उभे राहिलो. वॉचमनही येऊन उभा राहिला. पाण्यापाशी माणूस आपोआप गप्प होतो. शेततळं असलं तरी.

आता डोंगर. विशाखापट्टणमच्या बंदराच्या तोंडाशी एक डोंगर समुद्रात घुसलेला आहे. त्याला 'डॉल्फिन्स नोज' म्हणतात. हा डोंगर शहराची खूण, त्यामुळे तो हुबेहूब होणं आवश्यक होतं. मी शाडू आणली आणि गॅलरीत बसून नाक घडवलं. डॉल्फिन मी कधी पाहिलेला नाही. त्यामुळे हात आपोआप पाहिलेल्या नाकाकडे गेला असावा. खाली नेऊन ठेवल्यावर वत्सलाबाईंनी ते लांबून पाहिलं, जवळून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "गांगुर्ड्यांचं छान उतरलंय."

ही गोष्ट त्यांनी माझ्यापुरती ठेवायला हवी होती. संध्याकाळपर्यंत सगळी इमारत एकेक करून पार्किंगमध्ये येऊन गेली. शेवटी स्वतः गांगुर्डे आले. त्यांनी नाकासमोर उभं राहून नाक पाहिलं. मी घाईघाईने सांगितलं की हा डोंगर फार महत्त्वाचा आहे, त्याच्यामुळे बंदराला वादळापासून आडोसा मिळतो आणि त्याच्या टोकावर दीपगृह आहे.

"दीपगृह आहे?"

"आहे ना. रात्री लांबून जहाजांना दिसतं."

"मग इथे कुठे आहे?"

"उद्या बसवतो."

"बसवा," गांगुर्डे म्हणाले. जाताना त्यांनी नाकाच्या शेंड्यावरचा एक मातीचा गोळा बोटाने हलकेच सारखा केला.

मला वाटलं, संकट टळलं. रात्री जेवणाआधी स्नेहलला व्हिडिओ कॉल केला आणि अभिमानाने सगळं दाखवलं. भिंतीवर बाण काढून 'उत्तर' असं लिहिलं होतं, तेही दाखवलं. तिने फोन डोळ्यांजवळ नेला.

"पप्पा," मग ती म्हणाली, "समुद्र उलटा झालाय."

"म्हणजे?"

"तो पश्चिमेला आहे. तिकडे समुद्र पूर्वेला असतो."

मी तिला समजावणार होतो. समुद्र कुठे असतो हे महाराष्ट्रातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. डावीकडे समुद्र, मग सह्याद्री, मग आपण. लहानपणापासून नकाशा काढताना निळी पेन्सिल डावीकडेच चालवली. तो दुसऱ्या बाजूलाही असू शकतो, हे मला पुस्तकात माहीत होतं, हातांना माहीत नव्हतं.

संध्या माझ्या खांद्यावरून फोनमध्ये पाहत होती. "म्हणजे तिथे सूर्य समुद्रात मावळत नाही?" तिने विचारलं.

"नाही आई. समुद्रातून उगवतो."

जेवणं झाली. भांडी घासताना संध्या मध्येच थांबून म्हणाली, "सकाळी उठली की समोर पाणी दिसेल तिला." मग परत घासायला लागली.

दुसऱ्या दिवशी उपसागर हलवायचा होता. पूर्वेच्या बाजूला गांगुर्ड्यांची स्कूटर उभी असते. मी त्यांना सविस्तर सांगितलं की चूक माझी नसून भारताच्या आकाराची आहे. दीपगृह बसलेलं पाहून ते नरम झाले होते. त्यांनी आपल्या हाताने स्कूटर काढली आणि अर्जाच्या कोपऱ्यात 'दिशाबदल मान्य' असं लिहिलं. सुनीलने बादल्यांनी पाणी उपसून ड्रममध्ये भरलं. कागद पूर्वेला नेला. जमीन पश्चिमेला सरकवली. मग कळलं की त्या बाजूला एक खांब मध्ये येतो आणि प्लायवूडचं उत्तरेकडचं टोक काही केल्या बसत नाही.

"कापू," सुनील म्हणाला.

"शहर कापायचं?"

"काका, वरच्या अंगाला हाय तरी काय?"

मी टिपणं काढून पाहिली. वरच्या अंगाला भीमुनिपट्टणम होतं, जिथे डच व्यापारी येऊन राहिले होते. पण डचांचा उल्लेख तोंडी करता आला असता. त्याच्या अलीकडे मधुरवाडा नावाचा एक भाग होता. नावात वाडा असल्यामुळे मला तो आपल्यातला वाटला, म्हणून थोडं वाईटही वाटलं. पण त्याला ना इतिहास दिसत होता, ना बंदर, ना कारखाना. नुसती नवी घरं आणि कंपन्यांच्या इमारती. सुनीलने करवत चालवली. मधुरवाडा खाली पडला आणि आम्ही तो जिन्याखाली ठेवून दिला.

पुढचे काही दिवस मी खरोखर सुखात होतो. जुन्या खोक्यांतून जहाजबांधणीचा कारखाना केला. पोलाद प्रकल्पाला अगरबत्तीच्या नळकांड्यांची धुराडी लावली. तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर एक खरी पाणबुडी आणून ठेवली आहे, लोक आत जाऊन पाहतात. तिच्यासाठी संध्याने न मागता एक दुधी भोपळा दिला आणि दुसऱ्या दिवशी भाजीला परत नेला. सिंहाचलमचं देऊळ वत्सलाबाईंनी स्वतः केलं. रोज संध्याकाळी कुणी ना कुणी येऊन खुर्ची टाकून बसायचं. गुडघ्यांच्या व्यायामाला न आलेली माणसंसुद्धा यायची. युद्धाच्या काळात या शहरावर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले होते हे मी सांगितलं तेव्हा सगळे आपापल्या गाड्यांकडे पाहायला लागले.

आणि मग शनिवारी सकाळी महापालिकेच्या दोन बाया डासांच्या तपासणीला आल्या.

त्या दरवर्षी या दिवसांत येतात. कुंड्यांखालच्या बशा, कूलर, गच्चीतले टायर पाहतात. त्यातल्या थोरल्या सिंधुबाई. त्या फाटकातून आत शिरल्या आणि बंगालच्या उपसागरासमोर थबकल्या.

"हे काय हाय?"

"समुद्र आहे," मी म्हणालो. "विशाखापट्टणमचा."

त्यांनी टॉर्च काढून पाण्यात मारला, खाली वाकून पाहिलं आणि मला बोलावलं. निफाडच्या विहिरीचं पाणी इतके दिवस उघडं राहून जिवंत झालं होतं. बंदराच्या तोंडाशी, जिथून मोठमोठी जहाजं आत येतात, तिथे बारीक अळ्या वरखाली करत होत्या.

"डासांच्या हायेत, साहेब."

"व्याख्यान उद्या आहे हो. उद्याच्या दिवस राहू द्या. तो खारट आहे असं समजा."

"डासाला समजवा तुम्ही," सिंधुबाई म्हणाल्या. त्यात कुचेष्टा नव्हती. त्यांनी मला बसायला सांगितलं, कारण माझा चेहरा उतरला होता. मग अत्यंत सभ्यपणे समुद्र रिकामा करायला लावला. तेवढ्यात गांगुर्डे खाली आले आणि त्यांनी परवानगीचा अर्ज पुढे केला. सिंधुबाईंनी तो वाचला आणि परत दिला. समुद्राला परवानगी होती, अळ्यांना नव्हती. गांगुर्ड्यांनी अर्ज घडी घालून खिशात ठेवला.

पाणी गटारात गेलं. प्लास्टिकचा कागद सुरकुतलेला, तळाशी चिखल. मी वर येऊन पंखा लावून पडलो. संध्या आत आली आणि कडेला बसली.

"एवढं काय मनाला लावून घेता," ती म्हणाली. "त्यांनी काय समुद्र पाहिला नाही का?"

"त्यांनी पाहिलाय गं. आपण नाही पाहिला."

हे मी बोलून गेलो. पंखा फिरत राहिला. मग ती उठली आणि कपाटातून तिची निळी साडी काढून माझ्या हातात दिली. ती तिने कधी फारशी नेसलेली नव्हती. "ही अंथरा," म्हणाली. "अळ्या होत नाहीत हिच्यात."

रविवारी पाहुणे आले. श्रीचरणचे वडील अप्पलराजू उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. आई सत्यवती ठेंगण्या, केसांत गजरा, आणि आल्या आल्या त्यांनी संध्याचा हात धरला तो सोडलाच नाही. त्यांना मराठी येत नव्हतं, आम्हाला तेलुगू. मध्ये हिंदी होतं, तेही दोन्हीकडचं अर्धं अर्धं. उरलेलं स्नेहल आणि श्रीचरण पुरवत होते. जेवणं झाली आणि आम्ही सगळे खाली गेलो. सोसायटी आधीच खुर्च्यांवर बसली होती.

मी उभा राहिलो. निळ्या साडीच्या काठावर सोनेरी बुट्टे होते, त्यामुळे किनारा जरा समारंभाला निघाल्यासारखा दिसत होता. मी इतिहासापासून सुरुवात केली. स्नेहल हळू आवाजात पाहुण्यांना सांगत होती. बौद्ध विहार, डच, इंग्रज, बंदर, महानगरपालिका, नौदल, पोलाद. वत्सलाबाई प्रत्येक अंग संपलं की मान हलवून पुढच्याला परवानगी देत होत्या. कुणी झोपलं नाही. अप्पलराजू तर इतके एकटक ऐकत होते की मला वाटलं, काहीतरी मोठी चूक झाली आहे.

शेवटी वत्सलाबाईंनी त्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली. ते उठले आणि हिंदीतून सावकाश म्हणाले, "मी नोकरीसाठी या शहरात आलो. घरून ऑफिस, ऑफिसातून घर. डच आमच्याकडे आले होते हे मला आज कळलं." मग थोडं थांबून म्हणाले, "आम्ही येताना घाबरलो होतो. मुलगी इतक्या लांबून यायची. तिचे वडील आपल्याला काय विचारतील, काय म्हणतील. त्यांनी आमचं गाव बांधून ठेवलं असेल हे वाटलं नव्हतं."

टाळ्या वाजल्या. गांगुर्डे सगळ्यांत जास्त वेळ वाजवत होते. त्या गडबडीत सत्यवतीबाई उठल्या आणि प्लायवूडच्या कडेने चालायला लागल्या. काहीतरी शोधत होत्या.

"हमारा घर किधर?" त्यांनी मला विचारलं.

मी छडी घेऊन पुढे झालो आणि तसाच थांबलो. त्या शहराचा एवढा अभ्यास केला, पण माझी मुलगी त्यातल्या कुठल्या घरात राहणार हे मी विचारलंच नव्हतं. कुठे म्हणून विचारू? स्टेशनपाशी, बंदरापाशी, देवळापाशी, सगळीकडे मी छडी नेऊन पाहिली. त्या मान हलवत होत्या.

"मधुरवाडा," श्रीचरण म्हणाला.

सुनीलने जमिनीकडे पाहिलं. मीही पाहिलं.

सत्यवतीबाईंनी चपला काढल्या. किनाऱ्याच्या बाजूने त्या उत्तरेकडे गेल्या, जमीन संपली तरी गेल्या आणि खांबाच्या पलीकडे मोकळ्या फरशीवर उभ्या राहिल्या. "इधर," त्या म्हणाल्या.

तिथे काहीच नव्हतं. पण त्यांना त्यात काही गैर वाटलं नसावं. त्यांनी जवळची एक प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि ठेवली. हा दरवाजा. आणखी एक ओढली. हे स्वयंपाकघर. संध्या उठली आणि त्यांच्याजवळ गेली. दोघी खुर्च्या उचलायला लागल्या. ही देवाची खोली, ही नळाची जागा, इथे तुळस. एकमेकींची भाषा न येता त्यांचं सगळं घर लागत होतं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर हात ठेवून सत्यवतीबाई म्हणाल्या, "स्नेहल." आणि दोन खुर्च्या त्यांनी तिच्याशेजारी, भिंतीला लावून मांडल्या.

"ये आपका कमरा," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "जब आयेंगे."

गांगुर्ड्यांनी तोंड उघडलं. येण्याजाण्याची वाट अडली होती आणि तसं करायला नियमावलीत मनाई आहे. मग ते स्वतःच बसले होते ती खुर्ची घेऊन उठले आणि विचारायला लागले की न्हाणीघराला हवी आहे का.

संध्या त्या दोनपैकी एका खुर्चीवर बसली. तिने मला हाताने खुणावलं. मी छडी ठेवली, टिपणं खिशात घातली आणि जाऊन तिच्याशेजारी बसलो. समोर शहर होतं, त्यापलीकडे तिची साडी पसरली होती. स्नेहल आणि तिच्या सासूबाई कशावरून तरी हसत होत्या.

"वारा छान येतो नाही इथे?" संध्या म्हणाली.

आमच्या पार्किंगमध्ये वारा कधीच येत नाही. मी म्हणालो, "हो. छान येतो."